तीन चाव्यांचा ब्लॉग

मंचाचा ब्लॉग काढायचा असं ज्या रविवारी ठरलं, त्या रविवारी अबोली सभेला एक बाटली घेऊन गेली होती. बाटलीत नळाचं पाणी होतं. बारा दिवसांनी त्या सकाळी आलेलं, पहिल्या पाच मिनिटांतलं, दूध कमी पडलेल्या चहासारख्या रंगाचं. ती बाटली सगळ्यांच्या हातून फिरावी, एकेकाने झाकण उघडून वास घ्यावा आणि मग बोलणं सुरू व्हावं, असं तिने मनात योजलं होतं. पण बाटली पहिल्यांदा गेली अध्यक्षांच्या हातात. पंख्याच्या वाऱ्याने विषयपत्रिका उडत होती. विष्णुपंतांनी बाटली तिच्यावर ठेवली, कागद नीट दबलाय याची खात्री करून घेतली आणि सभा सुरू केली. पुढे तीन आठवडे ती बाटली त्याच नोकरीवर होती.

जनजागर नागरी हक्क मंच म्हणजे परभणीच्या संतकृपा कॉलनीतली नऊ माणसं, एक रबरी शिक्का आणि इतिवृत्ताची एक लांबट वही. अध्यक्ष विष्णुपंत, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्याच घरापुढच्या पत्र्याखाली सभा व्हायची. उपाध्यक्ष दत्तराव. झरीला त्यांची बागायत, इथे दुमजली घर, शिवाय झरीच्या मारुती मंदिराचे ते विश्वस्त. चिटणीस सिद्धोधन पूर्णेला रेल्वेत नोकरीला. रोजचं गाडीने जाणं-येणं, त्यामुळे सभेतही तो सारखा घड्याळाकडे बघायचा. एक तरी बाई हवी म्हणून घेतलेल्या नर्मदाबाई. त्यांना पाच वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, तरी त्या बोलायच्या. आणखी चौघे सही करायला आणि पोहे खायला. आणि यंदा सहचिटणीस म्हणून अबोली. बी.एस्सी. झालेली, अक्षर वळणदार, घर अध्यक्षांच्या भिंतीला भिंत लागून. वही तिच्याकडे, शिक्का तिच्याकडे आणि चहाही तिच्याचकडे.

पुढे पुढे करायची अबोलीला हौस नव्हती. तिला मंचात ओढलं ते निकिताच्या डोळ्यांनी. तिची चार वर्षांची पोर. गेल्या दिवाळीत तिला कावीळ झाली, होळीच्या आत टायफॉइड झाला, आणि नंतर पोट असं बिघडलं की आठवडाभर धड राहिलं तर घरात सगळ्यांना चुकल्यासारखं वाटायचं. अबोली पाणी वीस मिनिटं उकळायची, दुहेरी फडक्याने गाळायची. पण पोरगी दात घासताना नळाखाली तोंड धरायचीच. तेव्हापासून रोज सकाळी अबोली तिला खिडकीपाशी नेऊन खालच्या पापण्या बोटाने ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघायची. आता तर निकिता उठल्या उठल्या आपणच डोळे ताणून दाखवायची आणि म्हणायची, “बघ, पांढरे हायत.”

अबोलीने नोंदींची एक वेगळी वही ठेवली होती. पाणी कोणत्या तारखेला आलं, किती वाजता, रंग कसा, वास कसा, आणि त्यानंतर कितव्या दिवशी कुणाच्या घरी पोर आजारी पडलं. सात महिन्यांच्या नोंदी झाल्यावर तिला दिसलं की आजार सगळे दुसऱ्या गल्लीच्या पुढचे आहेत, अलीकडचे नाहीत. मग एक दिवस ती निकिताला कडेवर घेऊन पाइपाच्या मागे मागे चालत गेली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याचा पाइप उघड्या नालीत उतरत होता आणि चारेक फूट नालीतूनच पुढे जात होता. गंजलेला, आणि गळतं तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेला.

आता त्या गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला होता. नालीवर स्लॅब, स्लॅबवर रस्ता. एकदा तो झाला की पाइप पुढची पंधरा वर्षं कुणाच्या दृष्टीला पडणार नव्हता. काम बजरंगने घेतलं होतं आणि बजरंग म्हणजे दत्तरावांचा जावई. हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

ती आधी एकटीच पाण्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेली होती. तिथल्या बाबूने अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाला, असे एकेकट्याचे अर्ज आमी घ्यायला लागलो तर टेबल पुरणार न्हाई. वसाहतीचा ठराव आणा, पदाधिकाऱ्यांच्या सह्या आणा, शिक्का आणा, मग साहेबांपुढं ठेवतो.

म्हणून ती ठरावासाठी विष्णुपंतांकडे गेली. विष्णुपंतांनी शाळेत तिच्या नवऱ्याला, श्रीरामला, शिकवलं होतं. त्या नात्याने ते तिला सूनबाई म्हणत, आणि सूनबाई म्हटलं की तिला पुढचं बोलता येत नसे.

“ठराव करूच, सूनबाई. पण ठराव फायलीत जातो आणि फायलीतच मरतो. काळ बदललाय. आधी आपण आपला ब्लॉग काढू. मग ठराव त्यावर टाकू. सगळं जग वाचेल.”

जगाने वाचून काय होईल हे अबोलीने विचारलं नाही. निकिता झोपली की दुपारी ती लॅपटॉप घेऊन बसली आणि तिने एक तक्ता केला. ब्लॉगसाठी तीन जागा. एक फुकट मिळणारी, पण कंपनीच्या नावाखाली. एक स्वतःच्या नावाची, पण दरवर्षी नव्याने नोंदवावी लागणारी. एक चळवळीतल्या लोकांनी चालवलेली, पण उघडायला वेळ घेणारी. पुढे प्रश्नांचे रकाने. मराठी नीट दिसतं का? साध्या फोनवर उघडतं का? तक्रार करणाऱ्याचं नाव झाकता येतं का? कुणी दाब आणला तर मजकूर कोण काढू शकतं? तक्ता दोन दुपारी घेऊन पुरा झाला. बाटलीच्या रविवारी तिने त्याच्या नऊ प्रती वाटल्या. सही-पोह्यांच्या चौघांनी त्या पोह्यांखाली घेतल्या.

चर्चा पावणेदोन तास चालली. पहिली चाळीस मिनिटं ‘ब्लॉग’ हा शब्द मंचाला शोभतो का यावर गेली. विष्णुपंतांचा आग्रह ‘जालनिशी’साठी होता. दत्तराव म्हणाले, नाव जालनिशी ठेवलं तर लोकांना वाटंल मासेमारीची संस्था हाय. मग पानाचा रंग कोणता असावा, यावर दोन गट पडले. मग अध्यक्षांचा फोटो डावीकडे की मधोमध. अबोलीने मध्ये एकदा तक्त्याकडे लक्ष वेधलं. तेव्हा दत्तरावांनी चष्मा चढवला.

“ही पहिली कंपनी कुठली म्हणायची?”

अमेरिकेची, असं तिने सांगितलं.

“मंग आपल्या नालीची गोष्ट अमेरिकेला कायला सांगायची? घरातलं घरात ऱ्हाऊ द्या की.”

सगळे हसले. शेवटच्या रकान्यावर बोलला तो एकटा सिद्धोधन. त्याने विचारलं की उद्या कुणी कंपनीला तक्रार केली, तर आपल्याला न विचारता पान काढून टाकतील का? हा प्रश्न ऐकून दत्तराव खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, काढता येतं ना पण? यायला पायजे, त्याशिवाय मजा न्हाई. अबोलीने ते पाहिलं. दत्तराव खुर्चीत पुढे सरकले की चर्चा मागे जाते, हे तिच्या लक्षात यायला लागलं होतं. जागा ठरतेय असं वाटलं की त्यांना काहीतरी नवं सुचायचं. खाली लोकांनी काही लिहिलं तर? शिव्या दिल्या तर? शुद्धलेखन कोण बघणार? शेवटच्या प्रश्नाने विष्णुपंत हलले आणि त्यांनी शुद्धलेखन उपसमिती नेमली. नर्मदाबाईंनी आपला फोन पुढे करून विचारलं, “ह्याच्यावर दिसंल का माय? माझी पोरं पुण्याला हायत, त्यांना दाखवायचं व्हतं, आमी काय पितो ते.” त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. तो खरं तर तक्त्यातला दुसरा रकाना होता.

दुसऱ्या रविवारी जागा ठरली. फुकटवाली. कारण तिन्हींतली ती एकच जागा होती जिचं नाव विष्णुपंतांना न अडखळता म्हणता येत होतं. अबोलीने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला. बाहेर दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी तोवर खडीचा ढीग पडला होता, आणि पुढच्याच्या पुढच्या सोमवारी काँक्रीट पडणार हे बजरंगच्या माणसाने तिला स्वतः सांगितलं होतं. तिने नोंदीची वही आणि नालीतल्या पाइपाचे अकरा फोटो तयार ठेवले होते. दहा मिनिटांचं काम होतं.

पासवर्ड टाका म्हटल्यावर दत्तरावांनी हात वर केला.

“थांबा. किल्ली कोनाकडं ऱ्हानार?”

सहचिटणीस म्हणून माझ्याकडे राहील, असं अबोली म्हणाली. त्यावर दत्तराव तिच्याकडे नाही, विष्णुपंतांकडे बघून बोलले.

“आमच्या मारुतीच्या दानपेटीला तीन कुलपं हायत. तीन विश्वस्त, तीन चाव्या. तिघं आल्याबिगर झाकण हालत न्हाई. चाळीस वर्सं झाली, कुनाची तक्रार न्हाई. सुनबाईवर इश्वास न्हाई असं न्हाई. पन पद्धत ती पद्धत.”

विष्णुपंतांना ही पद्धत लोकशाहीला धरून वाटली. तीन भागांचा पासवर्ड करायचं ठरलं. पहिला भाग अध्यक्षांचा, मधला उपाध्यक्षांचा, शेवटचा चिटणीसांचा. कुणी कुणाचा बघायचा नाही. एक जण टाकत असताना बाकी आठ जणांनी भिंतीकडे तोंड करायचं. तसं सगळ्यांनी केलं. पत्र्याखाली आठ मोठी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी आहेत आणि एक जण लॅपटॉपवर वाकलाय, हे बघून रस्त्याने जाणारा भाजीवाला गाडा थांबवून उभा राहिला. कुणी गेलं का, असं त्याने हळूच विचारलं.

अबोली भिंतीकडे तोंड करून आवाज मोजत होती. विष्णुपंतांची बटणं एकेक करून, श्रुतलेखन घातल्यासारखी, अकरा. सिद्धोधनची चार, झटपट. मधे दत्तरावांची किती, ते तिला कळलं नाही. कारण दत्तराव टाकताना मोठ्याने खाकरत होते. मग पडद्याने तोच पासवर्ड दुसऱ्यांदा मागितला आणि सगळ्यांना पुन्हा भिंतीकडे वळावं लागलं. पडताळणीसाठी फोन नंबर लागतो म्हटल्यावर दत्तरावांनी चटकन आपला एक नंबर दिला. पुढे कळलं की तो फोन झरीला शेतातल्या खोलीत असतो.

हे आटपेपर्यंत सात वाजले. सिद्धोधन सकाळच्या गाडीची वेळ सांगून उठला. अबोली घाईने बोलली. पाइपाचं सांगितलं, काँक्रीटची तारीख सांगितली, अकरा पोरांची नावं सांगितली, पाइप नालीबाहेर काढल्याशिवाय स्लॅब टाकू नये एवढं म्हणा, असं सांगितलं. बोलताना तिचा आवाज चिरका झाला, आणि तो तसा झाला की आपल्याला कुणी मनावर घेत नाही, हेही तिला त्याच वेळी कळत होतं.

“बरोबर आहे, बरोबर आहे,” विष्णुपंत चप्पल शोधत म्हणाले. “घ्या लिहून, सूनबाई.”

“घ्या की लिहून,” दत्तरावही म्हणाले.

मंचात ‘घ्या लिहून’ म्हणजे विषय संपला. पाच वर्षांत जे जे लिहून घेतलं होतं, ते वहीत सुखाने नांदत होतं.

घरी येऊन ती भाकरी थापताना श्रीरामपुढे सगळं बोलली. श्रीराम कृषी विद्यापीठात लिपिक. अंगाला काही लावून न घेणं हा त्याचा स्वभाव आणि बढतीचा मार्गही. तू कशाला त्यांच्या नादी लागतेस, म्हणाला. वाटलं तर पाण्याचे जार लावू. मग जेवता जेवता त्याला स्वतःच्या ऑफिसातली गोष्ट आठवली. कुठल्याशा समितीच्या इतिवृत्तात टंकलेखकाने भलतंच काही लिहिलं, सभेत ते वाचून कायम झालं, सगळ्यांनी सह्या ठोकल्या, आणि नंतर कुणालाच ते बदलता येईना.

“कायम झालं की झालं,” तो आमटी वाढून घेत म्हणाला. “वाचत कोण असतं तिथं? मी तर आजवर एकदाही ऐकलेलं नाही.”

अबोलीची भाकरी तव्यावर थोडी जास्त राहिली.

तिने त्या आठवड्यात इतिवृत्त लिहिलं. भलतंच काहीही लिहिलं नाही. जे ती बोलली होती, ते लिहिलं, आणि जे अध्यक्ष-उपाध्यक्ष बोलले होते, तेही लिहिलं. फक्त नेहमीसारखं ‘पाण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली’ एवढ्या एका ओळीत गुंडाळलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी ब्लॉगचं उद्घाटन होतं. नर्मदाबाईंनी हळदीकुंकू आणलं होतं. लॅपटॉपला टोपी घातल्यासारखा झेंडूचा हार घातला होता, तो सारखा पडद्यावर घसरत होता. नारळ अध्यक्षांनी फोडायचा की आणणाऱ्या सदस्याने, हे ठरायचं होतं. विषय क्रमांक एक नेहमीचाच होता, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. अबोली उभी राहिली. निकिता तिच्या पदराला धरून शेजारी उभी होती. अबोलीने प्रत्येक शब्द सुटा सुटा वाचला.

“दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पिण्याच्या पाण्याची वाहिनी उघड्या नालीतून जाते व ती गळकी आहे, याकडे सहचिटणीसांनी सभेचे लक्ष वेधले. त्यामुळे आजारी पडलेल्या अकरा मुलांची यादी सोबत जोडली आहे. ही वाहिनी नालीबाहेर काढल्याशिवाय त्यावर स्लॅब अथवा रस्त्याचे काम करू नये, अशी मागणी संबंधित कार्यालयाकडे तातडीने करावी. मा. अध्यक्ष यांनी ‘बरोबर आहे’ असे सांगून ते लिहून घेण्यास सांगितले. मा. उपाध्यक्ष श्री. दत्तराव यांनी त्यास अनुमोदन दिले. विरोध कोणीही केला नाही.”

नारळाची शेंडी कुठल्या दिशेला असावी, यावर तोवर मतभेद झाले होते. कायम, कायम, असं तीनचार जण मान वर न करता म्हणाले. नर्मदाबाई तेवढ्या म्हणाल्या, “हां, ती नाली. बरं झालं.” वही सह्यांसाठी फिरायला लागली आणि त्याच वेळी विष्णुपंतांनी हात जोडून पासवर्डाचा पहिला भाग टाकला.

पासवर्ड चुकीचा आहे, असं पडद्याने सांगितलं.

पुन्हा सगळे भिंतीकडे वळले, पुन्हा तिघांनी टाकला. पुन्हा चुकीचा. विष्णुपंतांनी खिशातली डायरी काढून आपला भाग तपासला, तो बरोबर होता. सिद्धोधन म्हणाला, माझे चार आकडे आहेत, त्यात चुकायला जागा नाही. दत्तराव म्हणाले, म्या जे टाकलं तेच टाकायलोय. पण काय टाकलं ते सांगायला ते तयार नव्हते, कारण मग चावीला अर्थ राहत नाही. पाचव्या वेळी पडद्याने पासवर्ड घ्यायचंच बंद केलं आणि पडताळणीचा आकडा फोनवर पाठवला. आकडा झरीच्या शेतात गेला. दत्तरावांनी तिथल्या गड्याला फोन लावला.

“आरं, खोलीत जा. त्यो फोन उचल. काय आकडा आलाय बग... आरं पत्ते ठेव खाली आन् जा म्हनलं ना.”

वही तेवढ्यात त्यांच्यापर्यंत आली. डाव्या हाताने फोन कानाला धरून दत्तरावांनी उजव्या हाताने सही केली. त्यांची सही मोठी, झोकदार, शेवटी दोन टिंबं आणि खाली रेघ. अबोली त्यांच्यासमोर वही धरून उभी होती. त्यांची नजर तिच्या अक्षरावर पडेल, थांबेल, असं तिला क्षणभर वाटलं. पण गड्याने तिकडून आकडे उलटे वाचायला सुरुवात केली होती.

ब्लॉग काही उघडला नाही. चूक कुणाची यावर तासभर गेला. पोहे संपवता संपवता नर्मदाबाई म्हणाल्या की नाली ऱ्हाऊ द्या, पन नळाला थेट मोटारी लावायलेत त्येच घाण पाणी आत वढायलेत, त्या बंद करा म्हनावं. विष्णुपंतांचं डोकं लॅपटॉपमध्ये होतं.

“घ्या लिहून,” ते म्हणाले.

अबोलीने लिहून घेतलं.

शुक्रवारी सकाळी निकिताला शेजारी सोडून ती ऑटोने पाण्याच्या ऑफिसात पोचली, तेव्हा बाबू टेबल पुसत होता. तिने इतिवृत्ताची शिक्का मारलेली प्रत, अकरा पोरांची यादी आणि फोटो पुढे ठेवले. बाबूने सह्या मोजल्या. नऊ. मग एका सहीवर बोट ठेवून तो थांबला, उठला आणि कागद घेऊन आतल्या साहेबांकडे गेला. आतून बोलणं येत होतं ते तिने दाराशी उभं राहून ऐकलं. साहेब म्हणत होते, कंत्राटदाराचा सासराच अनुमोदन द्यायलाय म्हणजे आतून काहीतरी बिनसलंय, उद्या पोराबिराचं काही झालं तर हा कागद माझ्या अंगावर येईल. बाबूने बाहेर येऊन प्रतीवर पोच दिली. तारखेसकट, वेळेसकट. तिला खुर्चीही दिली.

शनिवार-रविवार तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. निकिताला थोडी कणकण होती. पापण्या ओढून तिने दिवसात सहा वेळा पाहिलं.

सोमवारी दुसऱ्या गल्लीत काँक्रीटचा मिक्सर आला आणि नुसताच फिरत उभा राहिला. साहेब स्वतः आले, नालीत वाकून पाहिलं, आणि पाइप बाहेर घेतल्याबिगर स्लॅब टाकायचा नाही, असं बजरंगला सांगून गेले. बजरंग वाद घालायला लागला तेव्हा त्यांनी त्याला झेरॉक्स दाखवली. बजरंगने ती बघितली आणि तो सरळ सासऱ्याच्या घराकडे गेला.

दुपारी दत्तराव अबोलीच्या फाटकाशी आले. ती निकिताला कडेवर घेऊन पायरीवर उभी राहिली. खाली उतरली नाही.

“सुनबाई, ही सही माझी न्हाई.”

तुमचीच आहे काका, असं ती म्हणाली. दोन टिंबं आहेत, खाली रेघ आहे. सभेत मी वाचून दाखवलं होतं.

“म्या ऐकलं न्हाई.”

“मग पुढच्या सभेत तसं सांगा. उपाध्यक्ष न ऐकता, न वाचता सही करतात, असं मी लिहून घेते.”

दत्तराव बराच वेळ फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिले. मारुती मंदिराच्या कागदांवरही त्यांची तीच सही असायची, आणि झरीतल्या सोसायटीच्या कागदांवरही. न वाचता सही करणारा म्हणून नाव झालं, तर कुठले कुठले कागद लोक पुन्हा काढतील, याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी त्यांनी निकिताच्या गालाला हात लावला. पोरीने सवयीने डोळे ताणून दाखवले.

“तिला वाटलं तुम्ही बघायला आलात,” अबोली म्हणाली.

दत्तरावांनी फाटकाची कडी लावली आणि ते चालू लागले. बुधवारी पाइप बाहेर आला. जावयाने तो स्वतः उभं राहून बसवून घेतला, आणि उपाध्यक्षांच्या प्रयत्नांना यश आल्याचं गुरुवारपर्यंत कॉलनीभर झालं. तसं सांगत दत्तराव स्वतःच फिरत होते.

पण शुक्रवारी नळ आला तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचं पाणी अजून फिकट चहाच्या रंगाचं होतं. वास कमी झाला होता, रंग गेला नव्हता. आणि भिंतीपलीकडून, विष्णुपंतांच्या तुळशीवृंदावनामागून, मोटारीचा घुर्र असा आवाज येत होता. तो आवाज अबोली दोन वर्षं ऐकत आली होती. तिच्या नोंदीच्या वहीत तोही होता. तिने पाणी पुन्हा वीस मिनिटं उकळलं.

रविवारी सभेला सगळे वेळेवर आले. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. विषय क्रमांक दोन, पासवर्डाबाबत पुढील कार्यवाही. पोहे आले होते, पण कुणी बशीला हात लावला नाही. सही-पोह्यांच्या चौघांपैकी एकाने पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल. सिद्धोधनने मनगटावरचं घड्याळ बाहीखाली झाकलं. पाच वर्षांत पहिल्यांदा मंच इतिवृत्त ऐकायला बसला होता.

अबोलीने वही उघडली. उद्घाटनाचं वाचलं, हाराचं, नारळाचं, पाच वेळा चुकलेल्या पासवर्डाचं. कुणी हसलं नाही. मग तिने पान उलटलं.

“नळजोडणीला थेट विद्युत मोटारी लावल्यामुळे वाहिनीत बाहेरचे घाण पाणी ओढले जाते, याकडे श्रीमती नर्मदाबाई यांनी लक्ष वेधले. मा. अध्यक्षांनी ते लिहून घेण्यास सांगितले. त्यानुसार अशा मोटारी असलेल्या घरांची यादी पुढीलप्रमाणे. एकूण सहा.”

तिचा आवाज चिरका झाला नव्हता, हे तिला स्वतःलाच ऐकू आलं.

विष्णुपंतांचा हात पुढे आला. विषयपत्रिकेवरच्या बाटलीशी थांबला. पंखा बंद होता, कागद उडत नव्हते, तरी त्यांनी बाटली जराशी सरकवून पुन्हा दाबून ठेवली. आत तीन आठवड्यांचा गाळ तळाशी बसला होता, तो हलला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “मला वाटतं आधी आपण पासवर्डाचा विषय घेऊ.”

दत्तरावांनी बशी उचलून मांडीवर घेतली. सोमवारनंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

“न्हाई, न्हाई. पद्धत ती पद्धत. वाचू द्या तिला,” ते म्हणाले. “सावकाश वाच, सुनबाई. समद्यांना ऐकू येऊ दे.”

नर्मदाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. अबोलीने बोट पहिल्या नावाखाली ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.